पहाटेचा गॅस

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार, सकाळचे सव्वानऊ. चकाला मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली शेअर रिक्षाची जी लाइन असते, तिच्यात माझ्यापुढे पन्नास-साठ माणसं. आणि रिक्षा शून्य. कॅबच्या ॲपवर ते चक्र फिरतंय, फिरतंय आणि शेवटी गाडी काही नाहीच. माझ्यामागची मुलगी फोनवर सांगत होती, "सर, उशीर होईल, गॅस संपलाय." पलीकडच्या सरांना बहुतेक घरचा सिलिंडर संपलाय असं वाटलं असावं, कारण पुढची दोन मिनिटं ती बिचारी "नाही सर, स्वयंपाकाचा नाही सर" असं समजावत होती.

मला हसू आलं आणि लगेच अपराधीही वाटलं. कारण त्या वेळी मुंबईत ज्या हजारो रिक्षा पंपाच्या लाइनीत अडकून पडल्या होत्या, त्यातली एक माझ्या पप्पांची होती.

हो, माझे पप्पा रिक्षा चालवतात. मुलुंडला, तीस-बत्तीस वर्षं. इथे मी ट्रेकवर लिहिलं, पुस्तकांवर लिहिलं, ऑफिसातल्या अप्रेझलवर तर इतकं लिहिलं की तुम्हीच कंटाळलात, पण हे कधी लिहिलं नव्हतं. लपवलं असं नाही. कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, एवढंच. (म्हणजे लपवलंच. असो.)

तर झालं होतं असं, की आदल्या दिवशी, रविवारी, ट्रॉम्बेजवळच्या मुख्य गॅसवाहिनीचं कसल्याशा कामात नुकसान झालं आणि वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनला येणारा गॅस अडला. सिटी गेट म्हणजे शहराची वेसच समजा. मोठ्या वाहिनीतून जास्त दाबाने आलेला गॅस इथे मोजला जातो, त्याचा दाब कमी होतो, त्याला तो ओळखीचा वास लावला जातो (मिथेनला स्वतःचा वास नसतो) आणि मग तो शहरभरच्या पाइपांत सुटतो. त्यातलाच काही आपल्या शेगडीत आणि काही सीएनजी पंपावर. शेगड्यांना प्राधान्य मिळालं आणि पंप कोरडे पडले. घरोघरी चहा झाला, पण चहा पिऊन बाहेर पडलेल्यांना रिक्षा मिळाली नाही. आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात आणि डिझाइन रिव्ह्यूमध्ये कोणी असं काही दाखवलं तर त्याला सोलून काढतात.

खरं सांगायचं तर शाळेत असल्यापासून मला प्रश्न होता की हा गॅस येतो कुठून. पप्पा म्हणायचे, "समुद्रातून." मला वाटायचं थट्टा करतात. पण खरंच समुद्रातून. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगवरून खोदताना बॉम्बे हायला तेल लागलं, मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत, समुद्रात. तेलाबरोबर गॅस यायचा आणि तो वाहून न्यायला, वापरायला पुरेशी सोय नसल्याने त्यातला बराचसा तिथेच जाळून टाकत. ऐंशीच्या दशकात आपण हे केलंय. इकडे मुंबईतल्या टू-स्ट्रोक रिक्षा पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून निळा धूर ओकत होत्या आणि तिकडे समुद्रात इंधनाच्या मशाली जळत होत्या. मग समुद्राखालून उरणला वाहिनी आली, उरणहून ट्रॉम्बे, आणि १९९५ मध्ये महानगर गॅस लिमिटेड स्थापन झाली. आता सगळा गॅस समुद्रातलाच असतो असं नाही, दाभोळला नाहीतर गुजरातेत दहेजला जहाजाने द्रवरूपात आलेला परदेशी गॅसही त्यात मिसळतो. पण सुरुवात इथली, घरची.

(बाय द वे, लालबागला 'गॅस कंपनी लेन' आहे. ती या गॅसची नव्हे. कोळशापासून गॅस काढून रस्त्यावरचे दिवे पेटवायचे, त्या जमान्यातली. म्हणजे मुंबईच्या पोटात पाइप घालून गॅस फिरवणं ही काही फार नवी गोष्ट नाही.)

पण गॅस आहे म्हणून कोणी गाडी बदलत नाही. गाड्या बदलल्या त्या धुरामुळे आणि कोर्टामुळे. दिल्लीचं सगळ्यांना माहीत असतं, सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा आदेश, सगळ्या बस सीएनजीवर वगैरे. मुंबईची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. १९९९ मध्ये 'स्मोक अफेक्टेड रेसिडेन्ट्स फोरम' नावाच्या नागरिकांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, २००० मध्ये तिचा अहवाल आला आणि पुढची काही वर्षं जुन्या टॅक्सी, रिक्षांवर एकामागून एक मुदती येत राहिल्या. स्वच्छ इंधनावर या, नाहीतर भंगारात जा.

कागदावर हे एका वाक्यात संपतं. आमच्या घरी ते पाच वर्षं चाललं. पप्पांची जुनी टू-स्ट्रोक २००३ मध्ये गेली आणि पतपेढीचं कर्ज काढून सीएनजीची फोर-स्ट्रोक आली. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो, मला फक्त नव्या सीटचा वास आठवतो. आई सांगते, पहिले दोन महिने पप्पा चिडचिड करायचे. कोर्टावर, सरकारवर, युनियनवर. कारण गाड्या आधी आल्या आणि पंप मागून आले. पण तिसऱ्या महिन्यात आईच्या लक्षात आलं की त्यांचा शर्ट भिजवल्यावर बादलीतलं पाणी पूर्वीसारखं काळं होत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल धुराबरोबर सरळ बाहेर पडायचं, वर कुठे कुठे पेट्रोलमध्ये घासलेट मारलेलं असायचं. दिवसभर त्याच धुरात, समोरच्या रिक्षाच्या सायलेन्सरला तोंड देऊन बसणारा माणूस म्हणजे रिक्षावाला. मिथेनमध्ये कार्बनचा एकच अणू, काजळी धरायला त्यात फारसं काही नसतंच. पप्पांचा खोकला एकदम गेला असं म्हणणार नाही, अजूनही आहे थोडा, पण रात्रीची ढास थांबली. एवढं मला पुरे आहे. कोर्टात ती याचिका करणाऱ्या माणसांना आमचं घर माहीत नव्हतं आणि आम्हाला ती माणसं माहीत नव्हती.

धूर गेला आणि त्याच्या जागी लाइन आली.

माझं बालपण एलबीएस रोडवरच्या सीएनजीच्या लाइनीत गेलं असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. आई संध्याकाळी कामाला जायची, म्हणून शाळा सुटली की पप्पा मला रिक्षात घालायचे आणि गॅस भरायला जायचे. चौथीच्या स्कॉलरशिपची बुद्धिमत्ता चाचणी मी त्या लाइनीत सोडवली आहे. 'एका रांगेत राम पुढून बारावा आणि मागून अठरावा आहे, तर रांगेत एकूण किती मुले?' असले प्रश्न. पप्पा म्हणायचे, "हे कसलं गणित, हे तर रोजचंच आहे." पुढे चाळीस रिक्षा, दोन नोझल, एका रिक्षाला तीन मिनिटं, म्हणजे तास. एक नोझल बंद असेल तर दोन तास. संध्याकाळी प्रेशर पडलं तर देवालाच माहीत. पुढे इंजिनिअरिंगला क्यूइंग थिअरी आली तेव्हा सरांनी फळ्यावर लिटलचा नियम लिहिला आणि मला पप्पांची आठवण झाली.

प्रेशरची भानगड अशी. सीएनजी गाडीत साधारण २०० बार दाबाने भरतात, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोनशेपट. पाइपातला गॅस एवढ्या दाबाला न्यायला पंपावर भलामोठा कॉम्प्रेसर लागतो, तो दाबलेला गॅस सिलिंडरच्या कॅस्केडमध्ये साठवतो आणि तिथून तो गाडीत जातो. संध्याकाळी शिफ्ट बदलताना सगळ्या रिक्षा, टॅक्सी एकदम आल्या की साठा उतरतो, कॉम्प्रेसरला दम लागतो आणि मग गॅस भरतो खरा, पण दीडशे-एकशेसाठवर थांबतो. रिक्षावाला टाकी अर्धवट घेऊन निघतो आणि दुपारपर्यंत पुन्हा लाइनीत. ज्या पंपापर्यंत पाइपच नाही, तिथे तर टेम्पोवर सिलिंडरची चळत लादून आणतात. अशा पंपाला 'डॉटर स्टेशन' आणि गॅस पाठवणाऱ्याला 'मदर स्टेशन' म्हणतात. मुलीला आईकडून डबा, हे ज्याला सुचलं तो माणूस मला भेटायचाय.

आता मुद्द्याचं. पप्पा वर्षानुवर्षं पहाटे साडेतीनला उठून गॅस भरायला जातात. का? तर "पहाटे जास्त गॅस बसतो." मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे ज्या वयात आपल्याला सगळं कळतं त्या वयात. मी त्यांना म्हटलं, "पप्पा, सीएनजी किलोवर मिळतो. जेवढा बसेल तेवढ्याचेच पैसे. पहाटे काय आणि दुपारी काय, तुमचा फायदा काय?" ते काही बोलले नाहीत. मी कागद घेतला आणि त्यांना आदर्श वायूचं समीकरण समजावलं. दाब तोच, सिलिंडर तोच, तर तापमान कमी असताना त्यात जास्त गॅस मावतो हे खरं. पण किती? दुपारी ४० अंश आणि पहाटे ३० धरलं, तर ३१३ भागिले ३०३, जेमतेम तीन टक्के. चार किलोच्या सिलिंडरला सव्वाशे ग्रॅम. चार किलोमीटर. "चार किलोमीटरसाठी झोपमोड करता तुम्ही?"

पप्पांनी तो कागद बघितला. मग म्हणाले, "पैशासाठी कोण जातंय रे? पहाटे पुढे सहा गाड्या असतात. प्रेशर फुल. एकदा भरला की दिवसभर परत लाइन नाही. ती वाचलेली फेरी कुठे लिहिलीस तू यात?"

नव्हती लिहिली. मी गॅस मोजला होता, ते वेळ मोजत होते. आजही ऑफिसात कोणी मला सुंदर चार्ट दाखवून ऑप्टिमायझेशन समजावलं की मी आधी बघतो की याने मोजलंय काय.

नंतर एकदा मीच हिशोब केला. दिवसाला सरासरी एक तास लाइनीत, वर्षाला तीनशे दिवस, बावीस वर्षं. ६,६०० तास. चोवीस तासांनी भागलं तर २७५ दिवस. पाऊण वर्ष, रात्रंदिवस, एका पंपाच्या रांगेत. हा आकडा मी त्यांना सांगितलेला नाही.

२०२२ हे वर्ष वेगळ्या कारणाने लक्षात आहे. एप्रिलमध्ये राज्याने सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, मुंबईत भाव किलोला ६० रुपये झाला, पप्पांनी पेढे आणले नाहीत एवढंच. युक्रेनचं युद्ध सुरू झालेलं होतं, जगभर गॅस भडकला आणि ऑगस्टपर्यंत तोच भाव ८६ वर. चार महिन्यांत २६ रुपये. भाडं मात्र ऑक्टोबर उजाडेपर्यंत तेच, तेव्हा कुठे पहिला टप्पा २१ चा २३ झाला. (फेब्रुवारी २०२५ मध्ये तो २६ झाला.) आपण प्रवासी दोन रुपयांवरून कुरकुरतो तेव्हा समोरचा माणूस कुठल्या तरी परक्या देशातल्या लढाईचे पैसे भरत असतो, हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं. मी स्वतः अंधेरीला सुट्ट्यावरून वाद घातलेला आहे. चांगला दहा मिनिटं.

बेस्टचंही सांगायला हवं, कारण सीएनजीची खरी मजा बसमध्ये. एका बसमागे किती रिक्षांचा धूर वाचतो! पण तिथला प्रवास सरळ झाला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंधेरी स्टेशनजवळ भाडेतत्त्वावरच्या एका सीएनजी बसने पेट घेतला, महिन्याभरातली ती तिसरी, आणि बेस्टने तसल्या चारशे बस तडकाफडकी रस्त्यावरून काढल्या. त्या आठवड्यात बसस्टॉपवर उभं राहिलेल्यांना मी काय वेगळं सांगणार. आता बेस्टचा सगळा ओढा विजेच्या बसकडे आहे आणि माझ्या मते तो बरोबरच आहे. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पुन्हा मुंबईच्या हवेचा विषय घेतला, पेट्रोल-डिझेल बंद करून फक्त सीएनजी आणि विजेची वाहनं ठेवता येतील का हे तपासायला सांगितलं आणि सरकारने समिती नेमली. पंचवीस वर्षांनी पुन्हा कोर्ट, पुन्हा धूर, पुन्हा समिती. फक्त या वेळी सीएनजी हा अर्ध्या वाटेवरचा धर्मशाळेतला मुक्काम आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. काजळी नसली तरी कार्बन आहे, आणि मिथेन न जळता गळला तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट तापदायक.

तर तो सोमवार. मी चकाल्याहून चालत ऑफिसला गेलो, दीड किलोमीटर तर आहे, आणि दुपारी डोकं दुखतंय सांगून निघालो. घरून डबा घेतला आणि एलबीएस रोडवर पप्पांना शोधत गेलो. ते रात्री तीनपासून लाइनीत होते. लाइन पंपापासून निघून सिग्नल ओलांडून पुढच्या गल्लीत वळली होती. रिक्षावाले फुटपाथवर पत्ते खेळत होते, कोणी मागच्या सीटवर पाय बाहेर काढून झोपलेलं. पप्पांच्या मागचा जौनपूरचा तिवारी म्हणाला, "अरे, इंजिनिअर साहब आये! भाई, कुछ कोडिंग-वोडिंग करके गॅस चालू करवा दो." सगळे हसले. रिक्षात आणीबाणीला दोन-तीन लिटर पेट्रोलची छोटी टाकी असते, त्यावर काहीजण धंदा करत होते. पण शंभरावरचं पेट्रोल घालून सीएनजीच्या मीटरने भाडं मारायचं म्हणजे स्वतःच्या खिशातून लोकांना फिरवणं.

"पप्पा, तुम्ही जेवून घ्या, मी बसतो पुढे."

"तुला चालवता येते का?"

"ढकलता येते."

ते मागे बसून जेवले. मी ड्रायव्हरच्या सीटवर लॅपटॉप उघडला, फोनचा हॉटस्पॉट लावला आणि साडेचारची मीटिंग रिक्षातून केली. व्हिडिओ बंद ठेवून. मागून कोणीतरी हॉर्न मारला तेव्हा क्लायंटने विचारलं, प्रवासात आहेस का. मी म्हटलं, हो.

मीटिंग संपल्यावर मी विषय काढलाच. आमची रिक्षा वयात आली आहे, पुढच्या वर्षी बदलावी लागणार. मी महिनाभर एक्सेल बनवत होतो. सीएनजीला किलोमीटरमागे पावणेतीन रुपये, विजेला पाऊण-एक रुपया. गाडीची किंमत जास्त, पण तीन वर्षांत वसूल. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रोटेस्ट नको. आणि मुख्य म्हणजे ही लाइन नको. या वेळी मी 'लाइनीतले तास' असा वेगळा कॉलमसुद्धा केला होता, त्यांना दाखवण्यासाठी मुद्दाम.

पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. कॉलम बघून थोडे हसलेही. मग म्हणाले, "चार्ज कुठे करायची?"

"घरी. रात्री लावून झोपायचं."

"घरी कुठे? आपली रिक्षा रात्री कुठे असते?"

ती रस्त्यावर असते. कारण २०२३ मध्ये मी ईएमआयवर जो वन बीएचके घेतला, त्या सोसायटीचा नियम आहे की व्यावसायिक वाहनं गेटच्या आत लावायची नाहीत. फ्लॅट घेताना त्या नियमांच्या कागदावर मीच सही केली होती. वाचून केली होती. आत पार्किंगमध्ये दोन चार्जर आहेत आणि तिथे दोन मोटारी रोज झोपतात. ज्या माणसाच्या लाइनीतल्या तासांवर माझं शिक्षण झालं, त्याची गाडी बाहेर, डांबरी रस्त्यावर, नाल्याच्या कडेला. तीन वर्षं मी रोज तिच्या बाजूने आत जातोय आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं. पप्पांनी हे बोलून दाखवलं नाही. ते फक्त म्हणाले, "आधी प्लग शोध, मग एक्सेल काढ," आणि डबा धुवायला पाण्याची बाटली घेऊन उतरले.

त्या दिवशी त्यांचा नंबर लागलाच नाही. मंगळवारी दुपारी वाहिनी दुरुस्त होऊन पुरवठा सुरू झाला, पण एवढ्या गाड्यांची भूक एकदम कशी भागणार, प्रेशर यायला रात्र झाली. अकराला पप्पांचा फोन आला, "भरला. पूर्ण दोनशे." आवाज असा की जणू मलाच कुठेतरी ॲडमिशन मिळाली.

पुढच्या रविवारी मी सेक्रेटरींना अर्ज दिला. सभासदाच्या कुटुंबीयाच्या मालकीची एक तीनचाकी, रात्री दहा ते पहाटे पाच, विजेचं वेगळं मीटर, खर्च माझा. त्यांनी तो उभ्याउभ्याच वाचला. "रिक्षा? तुमची?" म्हणाले. "माझ्या वडिलांची," मी म्हटलं. "अच्छा, म्हणजे ते बाहेर उभी असते ती..." आणि मग, "ठीक आहे, कमिटीपुढे ठेवू. पण एकाला दिलं की सगळे मागतील हो."

सगळे म्हणजे कोण, ते मी विचारायला हवं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये अजून किती रिक्षा बाहेर उभ्या असतात, हे मला ठाऊक नाही. आज रात्री जेवण झालं की खाली जाऊन मोजणार आहे.